विहीर खोल की दोरी आखूड? ज्येष्ठांच्या निवास संकुलात राहायला जाण्यामागचे गणित

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगातील दर सहा माणसांपैकी एक जण साठ किंवा त्याहून अधिक वयाचा असेल. २०५० पर्यंत अशा लोकांची संख्या २१० कोटींवर जाईल आणि ऐंशी ओलांडलेल्यांची संख्या २०२० ते २०५० या तीस वर्षांत तिप्पट होऊन ४२ कोटी ६० लाखांच्या घरात पोहोचेल. ज्येष्ठांसाठीच्या निवास संकुलांच्या बातम्या आणि जाहिराती एकाएकी वाढल्या आहेत, त्यामागे हे आकडे आहेत. वाचणारा मात्र गोंधळतो. जाहिरातीत हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि हसरी पांढऱ्या केसांची जोडपी दिसतात. घरात विषय काढला की 'म्हणजे आम्हाला वृद्धाश्रमात पाठवणार का?' असा प्रश्न येतो. ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत. तिथे राहायला जाण्याचा खरा फायदा तलावात नसतो, आणि ज्या गोष्टीची भीती वाटते तीही बहुधा भलत्याच ठिकाणी दडलेली असते.

हे नेमके असते तरी काय?

'सीनियर लिव्हिंग' या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या अशा तीन व्यवस्था येतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. पहिली म्हणजे स्वावलंबी निवास. इथे स्वतःचे घर, स्वतःची किल्ली आणि हवे तर स्वतःचे स्वयंपाकघर असते; दुरुस्ती, सुरक्षा, सामायिक भोजनगृह आणि अडीअडचणीला धावून येणारा माणूस एवढे संकुल पुरवते. दुसरी म्हणजे साहाय्यित निवास, जिथे अंघोळ, कपडे, औषधांच्या वेळा यांसाठी रोज थोडी मदत मिळते. तिसरा शुश्रूषा विभाग, जिथे चोवीस तास परिचारिका असतात. या तिन्ही सोयी एकाच आवारात असल्या, तर गरज वाढेल तसे माणसाला आवार न सोडता एका विभागातून दुसऱ्यात जाता येते. या लेखात 'संकुल' म्हटले की मुख्यतः पहिली व्यवस्था आणि थोडीफार दुसरी, असे समजावे.

या कल्पनेचा उगम आजारपणात नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' ही निवृत्तांची वसाहत खुली केली, तेव्हा सुरुवातीच्या काही दिवसांतच सुमारे एक लाख लोक ती पाहायला आले. ते उपचारांसाठी आले नव्हते. गोल्फचे मैदान आणि समवयस्क शेजारी पाहायला आलेली ती हिंडती-फिरती माणसे होती.

स्वावलंबन हे अंगात असते की घरात?

पोहरा पाण्यापर्यंत पोहोचला नाही, तर दोष दोरीचा की विहिरीचा? पन्नास हात दोरी चाळीस हात विहिरीला पुरते आणि साठ हात विहिरीला अपुरी पडते, म्हणजे दोरी 'आखूड' आहे हे विधान विहीर पाहिल्याशिवाय करताच येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एम. पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नाहेमो यांनी १९७३ मध्ये वृद्धत्वाविषयी जवळपास हेच मांडले. माणसाची क्षमता ही एक बाजू, भोवतालच्या मागण्या ही दुसरी, आणि माणूस स्वावलंबी आहे की नाही हे या दोहोंचा मेळ बसतो की नाही यावर ठरते. क्षमता जितकी कमी, तितका भोवतालचा प्रभाव अधिक. पस्तिशीतल्या माणसाला तीन जिने आणि एक जिना यांतला फरक जाणवतही नाही. गुडघे गेलेल्या माणसाच्या बाबतीत, तो घराबाहेर पडतो की पडत नाही, हे त्या फरकावर ठरते.

पण त्यांच्या मांडणीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. विहीर फारच उथळ झाली, म्हणजे भोवतालाने माणसाकडून काही मागायचेच सोडून दिले, तरी त्याचे नुकसानच होते. वापरात नसलेले कसब गंजते. चांगले संकुल आणि वाईट संकुल यांच्यातली रेषा इथेच आहे, आणि तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

दोरीची लांबी मोजण्याच्या दोन पट्ट्या वैद्यकात प्रचलित आहेत. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा मूलभूत कामे निश्चित केली: अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी त्यापेक्षा गुंतागुंतीची आठ कामे सांगितली, ती अशी की फोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घराची आवराआवर, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचे व्यवहार. बहुतेकांच्या बाबतीत आधी ही आठ निसटू लागतात आणि सहा बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. म्हणजेच स्वतःच्या हाताने उत्तम अंघोळ करणारा, नीटनेटका कपडे घालणारा माणूस केवळ वीजबिल, बाजारहाट आणि गळका नळ यांच्यापुढे हात टेकून 'आता माझ्याच्याने होत नाही' असे म्हणू लागतो. संकुल करते ते इतकेच: आठांतली काही ओझी उचलते, म्हणजे उरलेली ताकद त्या सहांसाठी आणि आवडीच्या गोष्टींसाठी राहते.

एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणू. न्हाणीघरातला दिवा जातो. स्टुलावर चढायचे नाही, हे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना डॉक्टरांनी बजावलेले आहे. इलेक्ट्रिशियन एका दिव्यासाठी यायला तयार होत नाही. मुलाला फोन केला तर तो 'बाबा, रविवारी येतो, तोवर चढू नका' म्हणतो, आणि तो खरेच येणार असतो. मधल्या चार रात्री गृहस्थ बाहेरच्या दिव्याच्या तिरपा पडणाऱ्या उजेडात, एका हाताने भिंत चाचपत, ओल्या फरशीवरून जातात. यात कोणाचाही हलगर्जीपणा नाही. संकुलात हाच दिवा एका नोंदवहीत टिपला जातो आणि देखभालीचा माणूस शिडी घेऊन येतो. फायदा म्हणतात तो दिसायला इतका किरकोळ असतो, म्हणून जाहिरातीत तो येत नाही.

पडणे आणि पडून राहणे

त्या चार रात्रींपैकी एखाद्या रात्री पाय घसरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पासष्ट ओलांडलेल्यांपैकी साधारण २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात, आणि सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांवर जाते. आपण सगळे हाड मोडण्याची काळजी करतो. पण हाड शाबूत असूनही उठता न येणे ही तितकीच गंभीर बाब आहे. तासन्‌तास फरशीवर पडून राहिले की अंगातले पाणी कमी होते, शरीर गारठते, दबलेल्या जागी त्वचा आणि स्नायू यांना इजा होते, आणि पुन्हा पडण्याची धास्ती मनात घर करते ती वेगळीच. त्या धास्तीने माणूस चालणे कमी करतो, चालणे कमी झाल्याने पाय अशक्त होतात, आणि अशक्त पायांनी तो पुन्हा पडतो.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात त्यांतले ६६ जण पडले. त्या ६६ पैकी ५३ जणांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आले नाही, आणि २० जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होते. यातली खरी डोळे उघडणारी गोष्ट पुढेच आहे: मदतीसाठी दाबायची घंटा बऱ्याच जणांकडे होती, आणि जे दीर्घकाळ पडून राहिले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती वापरलीच नाही. म्हणून 'घरी एक बटण बसवून घेऊ, झाले' हा उपाय वाटतो तितका पुरेसा नाही. बटण हवेच, पण सकाळी नाश्त्याच्या टेबलावर खुर्ची रिकामी दिसली म्हणून दार ठोठावणारा माणूस बटणापेक्षा भरवशाचा. संकुलात आधाराचे दांडे, उंबरठा नसलेली दारे, न घसरणारी फरशी आणि रात्रीचा मंद उजेड हे सारे आधीपासून असते. रिकाम्या खुर्चीची दखल घेणारे डोळेही तिथे असतात.

माणसांची सोबत हे औषध आहे का?

अमेरिकेत ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. अर्थात, सोबत असल्यामुळे माणसे निरोगी राहतात की निरोगी माणसांनाच सोबत टिकवता येते, हा पेच अशा अभ्यासांत पुरता सुटत नाही. तरीही हे प्रकरण इतके गांभीर्याने घेतले गेले, की नोव्हेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक संबंधांवर एक स्वतंत्र आयोग नेमला.

आता संकुलाचा यात काय हातभार? मैत्री ठरवून होत नाही. ती वारंवार समोरासमोर येण्यातून होते. आयर्विंग रोसो या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातल्या इमारतींमध्ये राहणाऱ्या वृद्धांचा अभ्यास करून १९६७ मध्ये निष्कर्ष मांडला, की शेजारात समवयस्कांचे प्रमाण जितके जास्त, तितके वृद्धांचे स्थानिक मित्र जास्त. कामावर जाणाऱ्या तरुण कुटुंबांच्या इमारतीत दुपारी दोन वाजता सगळी दारे बंद असतात. समवयस्कांच्या इमारतीत त्याच वेळी कोणी ना कोणी मोकळा असतो आणि गप्पांना विषयही जुळतात. ज्या घरात चाळीस वर्षे काढली ते घर तेच राहते, पण शेजार तो राहत नाही. कोणी गेले, कोणी मुलांकडे स्थलांतरित झाले, आणि 'आपल्या माणसांत राहतो' म्हणणारा प्रत्यक्षात आपल्या भिंतींत राहत असतो.

'मुलांनी टाकले' असे लोक म्हणतील, त्याचे काय?

म्हणतील. त्यावर युक्तिवादाने मात करता येत नाही, म्हणून त्यात फार वेळ घालवू नये. मात्र नात्याचे प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. आठवड्यातून एकदा येणारी मुलगी आल्या आल्या औषधांच्या पट्ट्या मोजते, फ्रिजमधले शिळे काढून टाकते, बँकेचे कागद लावते आणि निघताना दारात उभी राहून 'बरी आहेस ना आई?' असे विचारते. आई 'हो' म्हणते. ही कामे दुसऱ्याने केली, तर तेवढाच वेळ दोघींना समोरासमोर बसायला मिळतो. पती-पत्नींपैकी एकाची तब्येत ढासळलेली असेल तेव्हा हा फरक अधिकच ठळक होतो, कारण अशा घरात दुसऱ्याचे रूपांतर जोडीदारातून चोवीस तासांच्या परिचारकात झालेले असते, आणि त्या दुसऱ्याचे वयही काही कमी नसते.

सगळे आयते मिळाले तर माणूस खचणार नाही का?

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि उथळ विहिरीचा मुद्दा इथे परत येतो. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात दोन मजल्यांवरील रहिवाशांची तुलना केली. एका मजल्यावरच्यांना सांगितले, की खोलीची मांडणी, वेळेचा वापर आणि चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा हे तुम्ही ठरवा, आणि प्रत्येकाला एक रोपटे देऊन त्याची निगा त्यांच्याकडे सोपवली. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी कर्मचारी घालतील असे सांगितले. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक टवटवीत, अधिक हिंडती-फिरती आणि अधिक समाधानी दिसली. पुढे मृत्युदराबाबतही फरक नोंदवला गेला. मात्र तिथली माणसे थोडी होती आणि त्या आकडेमोडीत लेखिकांनाच नंतर दुरुस्ती करावी लागली, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पहिला निष्कर्ष मात्र पुरेसा बोलका आहे.

तेव्हा संकुल पाहायला गेल्यावर सुविधांची यादी मागण्याऐवजी विचारावे: जेवणाची वेळ मी ठरवू शकतो का? भिंतीला खिळा ठोकू शकतो का? रात्री पाहुणा राहू शकतो का? कर्मचारी दार वाजवून थांबतात की वाजवता वाजवता आत येतात? ग्रंथालय, बाग, सणसमारंभ यांची जबाबदारी रहिवाशांच्या समितीकडे आहे, की सगळे 'व्यवस्थापन' करते? जिथे माणसाला केवळ सांभाळले जाते तिथे जाऊ नये, इतके ठामपणे म्हणायला माझी हरकत नाही.

'सगळीकडे म्हातारेच दिसणार' ही तक्रारही याच जातीची आहे. तिला नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथील एका निवासाने छान उत्तर दिले. तिथे विद्यार्थ्यांना भाडे न घेता खोल्या दिल्या जातात आणि बदल्यात ते महिन्याला किमान तीस तास ज्येष्ठ शेजाऱ्यांसोबत घालवतात.

हे परवडते का?

घराचा खर्च आणि संकुलाचे मासिक शुल्क समोरासमोर ठेवले की संकुल महाग वाटते, कारण घराचा खर्च सुट्या नाण्यांत जातो आणि संकुलाचा एकरकमी. तुलना करायचीच तर घराच्या बाजूला कर, दुरुस्ती, वीज-पाणी, मदतनीस, रात्रीची सोबत, गाडी, किराणा आणि घरात आवश्यक ते फेरबदल हे सारे मांडावे. तरीही ज्यांची प्रकृती ठीक आहे आणि घर स्वतःचे आहे, त्यांना घर स्वस्तच पडेल असे बहुतेकदा दिसते. पारडे फिरते ते रोजची मदत लागू लागल्यावर.

करारात मात्र बारकाईने पाहावे. प्रवेशाच्या वेळी मोठी रक्कम घेतली जात असेल, तर ती मालकीची किंमत आहे, परत मिळणारी ठेव आहे, की दरवर्षी थोडी थोडी कापली जाणारी आगाऊ रक्कम? सोडून गेल्यास किंवा मृत्यू झाल्यास वारसांना किती आणि किती दिवसांत मिळेल? शुल्कवाढीला मर्यादा आहे का? आणि सर्वांत कळीचा प्रश्न: देखभालीची गरज वाढली तर काय? काही करारांत पुढची देखभाल जवळपास त्याच शुल्कात मिळते, म्हणजे तो एक प्रकारचा विमाच; काहींत ठरावीक दिवसांपुरती मिळते; आणि काहींत प्रत्येक सेवेचे वेगळे पैसे मोजावे लागतात. पहिला प्रकार आज महाग आणि उद्या स्वस्त, तिसरा याच्या उलट. संकुल चालवणारी संस्थाच बुडाली तर काय, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तो वकिलाकडून विचारून घ्यावा.

मग जावे कधी?

बहुतेक जण 'अजून वेळ आहे' म्हणतात, आणि मग एक दिवस इस्पितळातून सोडताना डॉक्टर विचारतात, की घरी पाहणारे कोणी आहे का. तिथून चार दिवसांत घाईने निवडलेली जागा ही स्वतः निवडलेली जागा नसते. १९९२ मध्ये परिचर्याशास्त्राने जागाबदलाच्या ताणाला अधिकृत निदानाच्या यादीत स्थान दिले. झोप उडणे, गोंधळणे, उदास होणे ही त्याची लक्षणे. त्याआधी १९७७ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि गेल ब्रेनर यांनी वृद्धांच्या स्थलांतरावरील संशोधनाचा आढावा घेऊन मांडले होते, की जाण्याचा निर्णय माणसाचा स्वतःचा असेल आणि पुढे काय होणार हे त्याला आधी ठाऊक असेल, तर दुष्परिणाम कमी होतात. जागा तीच, माणूस तोच, पण निर्णय कोणाचा यावर परिणाम बदलतो.

याचा अर्थ, अंगात शक्ती असताना गेलेल्याला नवे मित्र जोडता येतात, वाटा पाठ होतात, आणि पुढे दुखणे आले तर ते ओळखीच्या माणसांत येते. फारच लवकर जाण्यात खर्चाखेरीज तोटा नाही. फार उशिरा गेले की संकुलातला अर्धा फायदा वापरताच येत नाही. ज्यांचे घर तळमजल्यावर आहे, शेजार जिवंत आहे, मदतनीस विश्वासू आहे आणि बाहेर पडले की पायी पोहोचण्याजोगे सारे काही आहे, त्यांनी मात्र घर सोडण्याची काहीच घाई करू नये. त्यांची विहीर आधीच योग्य खोलीची आहे.

जायचे मनात असलेल्यांनी आधी महिनाभर भाड्याने राहून पाहावे. बरीच संकुले अशी सोय देतात. आणि पहिल्या भेटीला ठरवून दिलेल्या वेळी जाऊ नये. त्या वेळी फुले ताजी असतात. मधल्याच एखाद्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास जावे, जिन्याजवळच्या बाकावर दहा मिनिटे नुसते बसावे, आणि तिथून जाणारे रहिवासी एकमेकांना नावाने हाक मारतात का, ते ऐकावे.